मेनफ्रेम भिंतीवर लावताय? आधी त्याचे डायल वाचून बघा

मेनफ्रेम म्हणजे खोलीभर जागा घेणारा मोठा संगणक. अशा जुन्या यंत्राचा फोटो छापून भिंतीवर लावायचा तर काय बघायचं, ते इथे. आयबीएमच्या सिस्टीम ३६० या मेनफ्रेमची घोषणा झाली १९६४ साली. त्यातल्या मॉडेल ३० चा कन्सोल, म्हणजे यंत्र चालवायचा पॅनेल, छापायला घेतला की पहिली नजर दिव्यांवर जाते. खरी परीक्षा मात्र खालच्या गोल डायलांची. डायलवर ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी सोळा चिन्हं असतात. छापून झाल्यावर हातभर अंतरावरून तिथला ८ आणि बी वेगवेगळा ओळखता आला, तर चित्र जमलं. नाही आला तर ते करड्या कपाटाचं पोस्टर, बस.

म्हणून फाइल उघडल्याबरोबर शंभर टक्के झूम करून लेबलं वाचायची आणि मगच आकार ठरवायचा. ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ए३ ला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, ए२ ला ४९६१ × ७०१६. सोफ्यावर बसून बघायच्या निसर्गचित्राला १५० डीपीआय चालून जातं. कन्सोलला नाही, कारण माणूस हमखास जवळ जाऊन बटणं वाचत बसतो. २०० च्या खाली उतरू नका. पिक्सेल कमी पडले तर चित्र लहान करा. एआयने फोटो मोठा करायचा मोह होतो, पण ती साधनं कपाटाच्या कडा सुरेख काढतात आणि अक्षरांच्या जागी अक्षरासारखं काहीतरी भरून देतात. दिव्यांच्या रांगेत एखादा दिवा फुकटचा वाढतो. कन्सोलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘इमर्जन्सी पुल’ असं लिहिलेली लाल मूठ असते. ती ओढली की सगळ्या यंत्राची वीज जायची, आणि पुन्हा जागेवर बसवायला कंपनीचा इंजिनिअर यावा लागायचा. तिथली अक्षरं गिचमिड दिसली तर फाइल बाद.

मूळ फोटोसाठी अमेरिकी सरकारी संग्रह उत्तम. लष्कराने काढलेले एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाचे फोटो आणि नासाच्या गोडार्ड केंद्रातला सिस्टीम ३६० च्याच मॉडेल ९१ चा भलामोठा दिव्यांचा पॅनेल, दोन्ही कॉपीराइटमुक्त आहेत. जेपीजीऐवजी टिफ (बारकावे टिकवणारी फाइल) मिळत असेल तर तीच घ्या. कंपन्यांच्या जाहिरातींतले आणि माहितीपत्रकांतले फोटो जुने असले तरी मोकळे असतीलच असं नाही, विशेषतः प्रिंट विकायचे असतील तर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६० साली उभा राहिलेला आणि १९६२ साली नाव मिळालेला टिफ्रॅक हा संगणक कुणाला हवा असेल, तर संस्थेकडून रीतसर परवानगी आणि मूळ स्कॅन मागवा. वर्तमानपत्रातून कापलेल्या फोटोत काही जीव नसतो.

माहितीपत्रक स्कॅन करायचंच झालं तर एक अडचण ठरलेली: छपाईचे ठिपके. ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर पडली की रेशमी कापडासारख्या लाटा उमटतात. ६०० डीपीआयला स्कॅन करा, स्कॅनरमधला डीस्क्रीन (ठिपके पुसणारा) पर्याय लावा आणि मग निम्म्यावर आणा. आधीच लहान करून ठेवलेल्या फाइलमधल्या लाटा धड निघत नाहीत.

त्या काळचे बरेच प्रेस फोटो ४ × ५ इंची निगेटिव्हवर काढलेले. त्यांचं प्रमाण ए३ शी जुळत नाही. कापाकापी केली तर साधारण १२ टक्के चित्र जातं, आणि त्यात कडेची माणसंही जाऊ शकतात. एनिॲकच्या मुख्य पॅनेलपाशी बेटी जेनिंग्ज आणि फ्रान्सिस बिलास उभ्या असलेला फोटो घ्या. त्या दोघी आहेत म्हणून यंत्राची उंची कळते, शिवाय ते चालवणाऱ्याही त्याच. अशा फोटोला १६ × २० इंच आकार अचूक बसतो.

कृष्णधवल फोटो साध्या रंगीत सेटिंगवर छापला की दिवसा हिरवट आणि बल्बखाली गुलाबी झाक दिसू शकते. पिगमेंट इंकजेटवाला (रंगकणांच्या शाईचा प्रिंटर असलेला) गाठा आणि प्रिंटरचा कृष्णधवल मोड वापरायला सांगा. मॅट कागद पडद्याइतका गडद काळा देत नाही, त्यामुळे काळ्या पॅनेलवरच्या खाचा बुजतात. सावल्या थोड्या उजळ करा आणि पॅनेलचा छोटा तुकडा आधी छापून बघा. फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. तो स्वस्तात देईल, पण तिथे डायल वाचता येणार नाहीत.

फ्रेम करताना पावसाळा डोक्यात ठेवा. दमट हवेत प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर राहते, म्हणून मधे ॲसिडफ्री माउंट (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट) हवाच. माउंटची पट्टी ५ सेंमी, खाली ६. कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवू देऊ नका: ओलाव्याने तो फुगतो, पसरायला जागा मिळत नाही आणि मधे पोट सुटतं. फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या, त्याही जपानी कागदाच्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर येऊ द्या. खिडकीसमोरची भिंत टाळा, कारण काळा पॅनेल आणि त्यावर साधी काच म्हणजे आरसाच: दिव्यांच्या जागी समोरच्या बाल्कनीतले कपडे दिसतात.