कोकणातलं घर, नोंद सातवी: ३०६० आणि ४०६० एकाच सीनवर

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मी कोकणातलं एक घर उभं करतोय. मागच्या नोंदीपर्यंत त्याच्या पडवीचे खांब आणि मंगलोरी कौलं झाली होती. या महिन्यात जांभ्याच्या भिंती आणि खळ्याभोवतीचा गडगा घेतला, आणि ब्लेंडरची फाइल एकदम जड झाली. नेमका त्याच वेळी भाचा सुट्टीत त्याचा पीसी घेऊन घरी आला. त्याच्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी मेमरीचं; माझ्याकडे २०२१ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. दोन रविवार त्याचं कार्ड माझ्या बोर्डावर लावून बघितलं.

भाच्याचा पहिलाच प्रश्न चांगला होता. "मामा, तुझं कार्ड दोन वर्षांनी जुनं, मग त्याला मेमरी जास्त कशी?"

याचं उत्तर बसच्या, म्हणजे मुख्य चिप आणि मेमरी यांच्यातल्या वाटेच्या, रुंदीत आहे. जीडीडीआर६ ची, म्हणजे कार्डावरच्या मेमरीची, प्रत्येक चिप ३२ बिटची वाट घेते. ३०६० ची बस १९२ बिट, म्हणजे सहा चिपा. चिप १ जीबीची घेतली तर ६ जीबी, २ जीबीची घेतली तर १२. मधला ८ चा आकडा त्या बसवर सरळ बसतच नाही. ४०६० ची बस १२८ बिट, चार चिपा, म्हणून ८ जीबी. ४०६० टीआयचं १६ जीबीवालं कार्डही १२८ बिटचंच आहे, पण तिथे एकेका वाटेवर दोन-दोन चिपा जोडल्या आहेत. जुनं घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: ३०६० चा ८ जीबीवाला प्रकारही नंतर बाजारात आला, त्याची बस १२८ बिटच आहे. खोक्यावर नुसतं '३०६०' वाचून पैसे देऊ नका.

बाकी आकडे असे. ३०६० मध्ये ३,५८४ कूडा कोअर (हिशेब करणारे छोटे घटक), बूस्ट (भाराखालचा घड्याळाचा वेग) १,७७७ मेगाहर्ट्झ, मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबी, वीज १७० वॉट. ४०६० मध्ये कोअर कमी, ३,०७२, पण बूस्ट २,४६० मेगाहर्ट्झ. मेमरीचा वेग २७२ जीबी आणि वीज फक्त ११५ वॉट. कोअर गुणिले घड्याळ गुणिले दोन केलं (प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन क्रिया करतो) तर ३०६० पावणेतेरा टेराफ्लॉपच्या (सेकंदाला इतके लाख कोटी हिशेब) आसपास येतं आणि ४०६० पंधराच्या. मेमरीची वाट अरुंद असूनही ४०६० अडखळत नाही, याचं मोठं कारण म्हणजे त्याची एल२ कॅशे, म्हणजे चिपमध्येच असलेली छोटी वेगवान मेमरी: ३०६० च्या ३ एमबीच्या जागी २४ एमबी. शिवाय त्याचे आरटी कोअर (प्रकाशकिरणांचा माग काढणारे घटक) पुढच्या पिढीचे आहेत, आणि सायकल्समध्ये, म्हणजे सीनवरून चित्र बनवणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) ब्लेंडरच्या इंजिनात, एनव्हिडियाचं ऑप्टिक्स लावलं की ते थेट कामाला येतात.

तुलना एकसारखी व्हावी म्हणून दर पिक्सेलचे सॅम्पल १,०२४ ला पक्के केले, नॉइज थ्रेशोल्ड (सॅम्पल मधेच थांबवणारा) आणि डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारा) बंद ठेवले, आणि प्रत्येक कार्डावरचा पहिला रेंडर मोजलाच नाही, कारण सुरुवातीला कर्नल (कार्डावर चालणारे प्रोग्राम) लोड व्हायला वेळ जातो. आधी ओटीचा शॉट घेतला: लाकूड, शेणाने सारवलेली जमीन, एक खिडकी. हा शॉट दोन्ही कार्डांत आरामात मावतो. ३०६० ला जेवढा वेळ लागला, त्याच्या साधारण पाऊणपट वेळात ४०६० ने तो संपवला. वॉट आणि वेळ एकत्र धरले तर कागदावरच्या हिशेबाने एका फ्रेमला वीज जवळपास निम्मी लागते. रात्रभर ॲनिमेशन लावणाऱ्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे, त्यातही मे महिन्यात, जेव्हा खोली आधीच तापलेली असते.

मग खळ्याचा शॉट लावला, आणि तिथे चित्र पालटलं.

जांभ्याचं सपाट टेक्स्चरवर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रावर, भागत नाही. त्याची भोकं आणि त्यांतली सावली दिसली नाही, तर चिरा विटेसारखा दिसतो. म्हणून मी भिंतींना डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर वर-खाली करणं) आणि ॲडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (कॅमेऱ्याला दिसेल तसे त्याचे बारीक तुकडे करणं) लावलंय, आणि मेमरी तिथेच जाते. कौलं हजारो असली तरी एकाच कौलाचे इन्स्टन्स, म्हणजे मेमरीत एकदाच ठेवलेल्या आकाराच्या पुनरावृत्त्या, आहेत, त्यांचा भार नगण्य. चिऱ्यांचं तसं नाही. ८ जीबीवर पहिल्यांदा रेंडर सुरूच झाला नाही: 'सिस्टिम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी.' डायसिंग रेट, म्हणजे तुकड्यांचा पिक्सेलमधला आकार, १ वरून १.५ केला, म्हणजे त्रिकोण निम्म्याहूनही कमी झाले. मग सुरू झाला, पण काही टेक्स्चर कार्डाबाहेर, मुख्य रॅममध्ये गेली. ४०६० ला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) आठच लेन आहेत आणि माझा बी४५० बोर्ड पीसीआयई ३.० चा. म्हणजे कार्डाच्या आत सेकंदाला २७२ जीबीने मिळणारा डेटा आता ८ जीबीपेक्षाही कमी वेगाच्या वाटेने येणार. ओटीत पुढे धावणारं कार्ड खळ्यात ३०६० च्या बरंच मागे पडलं. डायसिंग रेट १ वर ठेवूनही ३०६० ने तोच शॉट बिनतक्रार काढला.

आता फाइलच हलकी करायला घेतलीय, आणि यात मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं. ४०९६ बाय ४०९६ चं ८ बिट रंगीत टेक्स्चर सायकल्समध्ये ६४ एमबी घेतं, १६ बिटचं १२८. मी रफनेस (खरखरीतपणा) आणि डिस्प्लेसमेंटचे नकाशेही रंगीत म्हणून साठवले होते, वर डिस्प्लेसमेंट आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) १६ बिट. एका मटेरियलचे रंग, नॉर्मल, रफनेस, डिस्प्लेसमेंट मिळून ३८४ एमबी होत होते. अशी चौदा मटेरियल म्हणजे सव्वापाच जीबी नुसती टेक्स्चर! रफनेस करड्या रंगात साठवला तर १६ एमबी, डिस्प्लेसमेंट ३२. आता एका मटेरियलला २४० एमबी, सगळी झाली की मिळून सव्वातीन जीबीच्या आसपास. डोळ्यांना फरक काहीच नाही. हे वर्षभरापूर्वीच करायला हवं होतं.

दोन्ही कार्डं एकत्र लावण्याचंही भाच्याने सुचवलं. सायकल्स दोन्हींकडून काम करून घेतं, पण मेमरीची बेरीज होत नाही. सीन प्रत्येक कार्डात वेगळा मावावा लागतो. आठ आणि बाराचे वीस होत नाहीत.

कार्ड बदलायचा विचार मी सध्या सोडलाय. जांभा, गडगा आणि पुढे पावसात भिजलेलं अंगण माझ्या डोक्यात आहे, आणि त्याला १२ जीबी हवेतच. ज्यांचे सीन पाच-सहा जीबीत बसतात, त्यांनी मात्र ४०६० खुशाल घ्यावं. तिथे ते खरोखर सरस आहे.

चौदापैकी नऊ मटेरियल करडी करून झाली. भाचा शनिवारी निघतोय, तोवर ओटी आणि माजघराच्या फ्रेम त्याच्या कार्डावर रात्री चालू आहेत. न्हाणीघराच्या भिंतीवरच्या शेवाळाचे फोटो ढगाळ उजेडात काढायचेत, त्यामुळे ती भिंत पावसापर्यंत थांबेल.