एक बादली पाण्यासाठी चार महिने: माझा अनुभव

गाडी धुण्याबद्दल लिहायला बसले की मला आधी तो दंडच आठवतो. मार्च २०२४ च्या मेंटेनन्स बिलात खालून दुसरी ओळ, "पार्किंगमध्ये पाण्याचा गैरवापर, रु. ५००". आणि मी त्या दिवशी पार्किंगच्या नळाला हातसुद्धा लावला नव्हता. पाणी माझ्या घरातलं, बादली माझी, लिफ्टमधून सांभाळून खाली नेलेली, एक थेंब सांडू दिला नव्हता.

आम्ही रावेतला राहतो, ११२ फ्लॅटची सोसायटी. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं, आणि आमच्याकडे फेब्रुवारी लागला की टँकर सुरू होतात. त्यामुळे पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धुवायची नाही हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, आजही आहे. हे आधीच सांगते कारण पुढे कमिटीत मला "पाण्याची किंमत कळत नाही" असं तोंडावर ऐकून घ्यावं लागलं.

स्वतः धुवायची वेळ का आली तेही सांगते. गाडी २०२२ ला घेतली, गडद निळी, माझ्या नावावर, माझ्या पगारातून, हप्ते अजून चालू आहेत. इथे सगळ्यांकडे असतात तसे आमच्याकडेही सकाळी गाड्या पुसायला एक दादा येतात, महिन्याचे ६०० रुपये. दीडेक वर्षाने एका लग्नाला गेलो होतो, हॉलच्या बाहेर भर उन्हात गाडी उभी, आणि बॉनेटवर बघते तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे, दरवाज्यांवर पण तेच. याला स्वर्ल मार्क्स म्हणतात हे नंतर डिटेलिंगवाल्याकडून, म्हणजे गाडीचा रंग साफ-पॉलिश करून देणाऱ्याकडून कळलं. घरच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत, मोबाइलचा टॉर्च जवळ धरून बघा म्हणजे दिसतील. दादांना मी दोष देत नाही, दोन तासांत तीस गाड्या, एक बादली आणि एक फडकं, पहिल्या गाडीची धूळ तिसाव्या गाडीवर घासली जाणारच, आणि धूळ म्हणजे बारीक वाळूच की. पॉलिश करून घेतलं, ओरखडे गेले, पण मशीन पॉलिश म्हणजे रंगावरचा क्लिअर कोट थोडा थोडा खरवडणं, ते दरवर्षी करून कसं चालेल? मग ठरवलं, बाहेरून गाडीला फक्त मीच हात लावणार. दादांना बंद केलं नाही, आतल्या मॅट आणि आतल्या काचा त्यांच्याकडेच ठेवल्या, पैसे तेच.

खूप शोधाशोध केल्यावर रिन्सलेस वॉश हा प्रकार सापडला. म्हणजे असं लिक्विड की जे पाण्यात घालायचं, त्याने धूळ मऊ होऊन सुटते आणि नंतर वरून पाणी ओतावं लागत नाही. मी ऑप्टिमम नो रिन्स वापरते, एकाला २५६ असं प्रमाण, ८ लिटर पाण्याला ३० मिलीच्या आसपास. जास्त घातलं तर जास्त चकाकतं असं काही नाही, उलट काचेवर ओघळ दिसतात.

तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी पहिल्यांदा बादली घेऊन खाली गेले. पाऊण तासात गाडी झाली, खाली फरशी कोरडी. वॉचमन काकांनी लांबून फोटो काढला, मला वाटलं सहज काढत असतील. त्यांनाही काही बोलायचं नाही, त्यांना वरून सांगितलेलं असतं की बादली दिसली की फोटो टाका. आणि पुढच्या बिलात ५००.

सोसायटीच्या ऑफिसला गेले. मॅनेजर म्हणाले सेक्रेटरींना भेटा. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मिस्टरांना पाठवा ना, आम्ही बोलतो त्यांच्याशी." मी म्हटलं गाडी माझी आहे, फ्लॅटवर माझं नाव आहे, दंड मला लावलाय, तर माझ्याशीच बोला. मग म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं, दोन पानं, त्यात हिशोब पण मांडला. पार्किंगमधल्या नळाच्या पाइपने १० लिटरची बादली भरायला ४५ सेकंद लागतात, हे मी वॉचमन काकांसमोर घड्याळ लावून मोजलं होतं. म्हणजे पंधरा मिनिटं पाइप चालू ठेवला तर २०० लिटर. माझी पद्धत ८ लिटर. तुम्ही पाइप बंद केलात ते बरोबर केलंत, पण बादली आणि पाइप एका मापात कसे मोजता, एवढंच विचारलं होतं.

एप्रिलची मीटिंग झाली. मी विचारायला गेले तर मॅनेजर म्हणतात अर्ज सापडत नाहीये. अर्ज देताना पोच घेतली नव्हती, ही माझी चूक, आणि ती मला महिनाभराला पडली. कुठल्याही सोसायटीत कुठलाही कागद द्या, दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का-तारीख आणि आवक नंबर घ्या, अगदी ओळखीचे लोक असले तरी. "अहो आपलंच ऑफिस आहे" असं हसून म्हणतात तेव्हा तर नक्की घ्या.

दुसरा अर्ज दिला, पोच घेऊन. मेमध्ये मीटिंगला कोरम नाही म्हणून तहकूब. अर्धी कमिटी गावाला, सुट्ट्या. दर दोन-चार दिवसांनी कामावरून येताना मी सोसायटीच्या ऑफिसात खेटे घालत होते आणि उत्तर ठरलेलं, "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ". तोपर्यंत गाडीवर धुळीचा थर, कबुतरांचं वेगळंच. (कबुतराची घाण दिसली की त्याच दिवशी काढा, थांबू नका, ओला टॉवेल पाच मिनिटं त्यावर ठेवा आणि मग अलगद उचला, घासू नका. एका ठिकाणी माझ्याकडून राहिलं तिथे रंगावर कायमचा डाग बसलाय.) नवरा म्हणाला सोड ना, वॉशिंग सेंटरला दे आणि मोकळी हो. पण मला आता गाडीपेक्षा त्या "गैरवापर" शब्दाचा जास्त राग होता. टँकर आला की मोटार चालू करायला उशीर होऊन वरच्या टाक्या वाहून जातात ते सगळे बघतात, त्याला कुणी गैरवापर म्हणत नाही.

मधे एकदा सेक्रेटरींनी जाता जाता सुचवलं की आरओच्या वेस्ट पाण्याने धुवा, मग कुणाची तक्रार नाही. चांगल्या मनाने सांगितलं असेल, मलाही पटलं, पाणी वाचतंय तर काय वाईट. दोन दिवस बादलीत साठवलं आणि संध्याकाळी गच्चीवर जाणाऱ्या जिन्याजवळ माझं जुनं हेल्मेट होतं त्यावर करून बघायचं सोडून थेट बॉनेटवर केलं. वाळल्यावर पांढरे ठिपके, शेकडो. आरओ जे क्षार पाण्यातून काढतो ते सगळे त्या वेस्टमध्येच जमा होतात, म्हणजे टँकरच्या पाण्यापेक्षाही ते जड. फरशी पुसा, संडासला वापरा, पण गाडीच्या रंगाला लावू नका. तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, आणलं तेव्हा कळलं, आमचं पालिकेचं पाणी ११०, टँकरचं ७८०, आणि आरओ वेस्ट हजाराच्या पुढे. ते ठिपके पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून काढले, टॉवेलवर घेऊन दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, पुसायचं आणि लगेच साध्या पाण्याने परत पुसायचं. ताजे होते म्हणून निघाले. जुने झाले की रंगात खड्डा पडतो, मग पॉलिशशिवाय जात नाहीत. तुमच्या पार्किंगमध्ये वरच्या स्लॅबमधून पाणी ठिबकत असेल तर तेही असंच, सिमेंटचा चुना घेऊन येतं, गाडी तिथून आधी हलवा आणि मग तक्रार लिहा.

शेवटी जूनची मीटिंग. मी हट्टाने जाऊन बसले. जाण्याआधी आमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी वाचून गेले होते. त्यात साफ लिहिलंय की कशाला किती दंड हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं आणि दंडाआधी सभासदाला कारणे दाखवा नोटीस द्यायची. मला नोटीस आली नव्हती आणि असा ठरावही कुठल्या सभेत झालेला नव्हता, मी मिनिट्स बुक मागितलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एका सभासदांनी मोबाइलवर बातमी दाखवली, बेंगळुरूमध्ये मार्चमध्येच पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायला बंदी झाली, ५,००० रुपये दंड, आणि तुम्ही इथे परवानगी मागताय? बातमी खरीच होती. मी म्हटलं पाइप बंदच ठेवा, पाहिजे तर तो नळ काढून टाका, पण गाड्या पुसणारे दादा रोज त्याच नळावर बादल्या भरतात ते तुम्हाला चालतं आणि मी घरून आणलेली एक बादली चालत नाही, हे कसं? मग नेहमीचं आलं, "तुम्हाला दिली तर ११२ जण मागतील." मी म्हटलं द्या ना सगळ्यांना, आठ-आठ लिटर.

खजिनदार काका तोपर्यंत गप्प होते, वय सत्तरच्या पुढे. ते म्हणाले, रविवारी सकाळी सातला करून दाखवा, मी येतो.

रविवारी ते खरंच आले, खुर्ची घेऊन, सोबत अजून दोघं. मी गाडीखाली चारही बाजूंनी वर्तमानपत्रं पसरली. बादलीत आठ लिटर, त्यात आठ मायक्रोफायबर टॉवेल भिजत ठेवलेले. आधी पंपाच्या स्प्रेमध्ये तेच मिश्रण भरून एक बाजू भिजवली आणि तीन-चार मिनिटं नुसती थांबले, ही थांबण्याची पायरी लोक खातात आणि मग म्हणतात ओरखडे आले. मग टॉवेलची चौपदरी घडी, छतापासून सुरुवात, एका रेषेत, गोल गोल नाही, एक बाजू मळली की उलटायची, आठही बाजू संपल्या की तो टॉवेल बाजूला, परत बादलीत बुडवायचा नाही. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी. लगेच कोरड्या जाड टॉवेलने टिपायचं, दाबायचं नाही, वजनानेच पाणी ओढतं. काका खुर्चीतून उठले, दारावर बोट फिरवलं, मग ते बोट पांढऱ्या रुमालाला पुसून बघितलं. रुमाल स्वच्छ. नंतर खाली वाकून वर्तमानपत्रं बघितली, स्प्रेचे थोडे थेंब पडलेले, बाकी मजकूर वाचता येत होता. बादलीत अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक, तेही फारसं मळलेलं नाही. त्या उरलेल्या पाण्याने मी चाकं केली, चाकांचे टॉवेल वेगळे असतात.

"हे तर माझ्या आंघोळीपेक्षा कमी पाणी," काका म्हणाले.

आठवड्याभरात लेखी परवानगी आली. रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ, घरून आणलेली एक बादली, पाइप नाही, फरशी पुसून जायची. सगळ्या सभासदांना लागू. आणि जुलैच्या बिलात ५०० रुपये वजा होऊन आले, ते बिल मी जपून ठेवलंय. आता रविवारी आम्ही पाच-सहा जण असतो खाली.

बाकीचं पटापट सांगते. पावसाळ्यात चिखलाचे गोळे चिकटलेले असतील तर ही पद्धत वापरू नका, आधी वॉशिंग सेंटरला प्रेशरने चिखल पाडून घ्या, त्यांना फडकं मारू देऊ नका, ओलीच घरी आणून पुसा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवर फिरवा, खरखर लागली तर क्ले बारची (धुऊनही चिकटून राहिलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीच्या वडीची) वेळ आली आहे, वर्षातून एक-दोनदा पुरे, आणि क्लेला तेच लिक्विड घट्ट करून वापरता येतं, एकाला ६४. क्लेनंतर रंग उघडा पडतो म्हणून वॅक्स किंवा सीलंटचा संरक्षक थर लावाच. सिरॅमिक कोटिंग केलं की धुवायला लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, धुणं सोपं होतं, संपत नाही. बोनेट गरम असताना काहीच करू नका, बाहेरून आल्यावर तासभर थांबा. व्हॅक्यूमसाठी पार्किंगमधला प्लग मी मागितलाच नाही, बॅटरीवरचा छोटा घेतला, अजून चार महिने मला नको होते. टॉवेल ३५० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे), कडेला जाड शिलाई नसलेले बघा.

टॉवेल घरच्या कपड्यांत टाकू नका, वेगळे धुवा आणि सॉफ्टनर अजिबात नाही, धागे चिकट होऊन पाणी ओढत नाहीत. आणि टॉवेल एकदा का फरशीवर पडला की झटकून परत गाडीला लावायचा नाही, कितीही स्वच्छ दिसू दे, एक खडा पुरतो. मी त्याच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा टाका घालते, तो मग चाकांचा.