स्मरणरंजनाची किंमत न मोजता जुनी पॉन्टिॲक घेताना

मी मिशिगनमधील ट्रॉय शहरात राहतो आणि वाहनउद्योगातील एका कंपनीत इंजिनांच्या चाचणीचे काम करतो. गेल्या वर्षी मी १९६८ सालची पॉन्टिॲक ल मान्स विकत घेतली (पॉन्टिॲक ही जनरल मोटर्स या कंपनीची एक नाममुद्रा). तिच्याच सांगाड्यावर आणि बव्हंशी त्याच पत्र्याने बनलेल्या पॉन्टिॲक जीटीओला बाजारात जवळपास दुप्पट भाव मिळतो, आणि माझा शोधही जीटीओपासूनच सुरू झाला होता. तो ल मान्सपर्यंत कसा पोहोचला आणि वाटेत कोणकोणत्या कागदपत्रांची व तपासण्यांची गरज पडली, ते येथे सविस्तर लिहितो. अमेरिकेत अशी गाडी घेण्याचा विचार करणारे मराठी लोक माझ्या ओळखीत आता बरेच झाले आहेत.

‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन, आणि या प्रकाराचा आरंभ सहसा १९६४ च्या जीटीओपासून मानला जातो. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डिलोरियन यांच्या नेतृत्वाखालील पॉन्टिॲकच्या अभियंत्यांनी ३८९ घनइंची इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता, सुमारे २९५ डॉलर जास्त मोजून घेता येणारा पर्याय म्हणून ल मान्सवर देऊ केले आणि नियमाला बगल दिली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. पुढे १९७० चा स्वच्छ हवा कायदा, तरुण चालकांच्या अशा गाड्यांवर विमा कंपन्यांनी लावलेले जबर हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे तो सगळा प्रकार दहा वर्षांच्या आत आटोपला. ज्या वस्तूचे उत्पादन पन्नास वर्षांपूर्वी थांबले आणि जिच्याभोवती एका संपूर्ण पिढीचे तारुण्य गुंफलेले आहे, तिचा भाव वाढणे स्वाभाविकच आहे.

तो नेमका किती वाढला आहे, याविषयी मात्र लोकांच्या कल्पना फार अवास्तव असतात, आणि माझ्याही तशाच होत्या. सिॲटलच्या एका लिलावात २०१४ साली १९७१ सालची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरना गेली, ही बातमी सर्वांच्या लक्षात राहते; परंतु अशा गाड्या मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बनल्या होत्या, हे कोणी लक्षात घेत नाही. याउलट १९६८ साली जीटीओ ८७ हजारांहून अधिक बनल्या आणि हार्डटॉप (पक्के छप्पर असलेल्या, पण खिडक्यांमध्ये खांब नसलेल्या) जीटीओची मूळ किंमत सुमारे ३,१०० डॉलर होती. महागाईच्या निर्देशांकाने ही रक्कम आजच्या २८ हजारांच्या आसपास जाते. चालती, नीटनेटकी, पण प्रदर्शनात मांडण्याइतकी नटवलेली नसलेली जीटीओ मला चाळीस हजारांच्या आगेमागे दिसत होती. म्हणजे नव्या गाडीवर मालक जे पर्याय घेत असत, त्यांची किंमत धरली तर स्मरणरंजनासाठी मोजावी लागणारी वरकड रक्कम लिलावांच्या बातम्यांवरून वाटते तितकी प्रचंड नव्हती.

दुसरी गोष्ट कार्यालयातील सहकाऱ्यांशी बोलताना उलगडली. भाव गाडीच्या वयाबरोबर वाढत नाही, तो ग्राहकाच्या वयाबरोबर सरकतो. जे १९६८ साली सतरा-अठरा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांच्यातील अनेक जण आता विकणाऱ्यांच्या रांगेत उभे आहेत. पन्नाशीतील माझे सहकारी १९८०च्या दशकातील गाड्यांसाठी हात सैल सोडतात: ब्युइक ग्रँड नॅशनल, फॉक्स बॉडी मस्टँग, कॅमारो आयरॉक-झी. ब्युइकची जीएनएक्स १९८७ साली फक्त ५४७ बनली, त्यामुळे तिची गणना तर आता तिजोरीत ठेवण्याच्या वस्तूंत होते. सन २०२० ते २०२२ या काळात स्वस्त कर्जामुळे या सर्वच बाजाराला उधाण आले आणि व्याजदर चढल्यावर ते ओसरले, पण जीटीओच्या तुलनेत या तरुण गाड्यांची मागणी अधिक टिकून राहिली, असे माझे निरीक्षण आहे. माझे बालपण पुण्यात, वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या आसनावर गेले. डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर रात्री शर्यती लावणाऱ्या मुलांच्या आठवणी मला उसन्या घेता येणार नव्हत्या आणि त्यांची किंमत मी का मोजावी, हा प्रश्न मला पडला. (उद्या कोणी माझ्यासमोर सुस्थितीतील पद्मिनी आणून उभी केली, तर हाच शहाणपणा टिकेल याची मात्र हमी देत नाही.)

कागदपत्रांचा अभ्यास सुरू केल्यावर या प्रश्नाला धार आली. अस्सल जीटीओ ओळखण्याची पहिली खूण म्हणजे गाडीचा क्रमांक (नोंदणीचा नव्हे, कारखान्याने दिलेला). १९६८ पासून तो समोरच्या काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर लावलेला असतो. या वर्षीच्या जीटीओचा क्रमांक २४२ ने, तर ल मान्सचा २३७ ने सुरू होतो. दुसरी खूण म्हणजे इंजिनकक्षाच्या मागील भिंतीवरील फिशर बॉडीची (जनरल मोटर्सच्या गाड्यांची बॉडी बनवणाऱ्या शाखेची) पट्टी, जिच्यावर हार्डटॉप जीटीओसाठी २४२३७ आणि ल मान्ससाठी २३७३७ असा आकडा असतो. तिसरी खूण म्हणजे इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेला गाडीच्या क्रमांकाचा अंश आणि दोन अक्षरी संकेत. पॉन्टिॲकची ३५० आणि ४०० घनइंची इंजिने बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे हे संकेत वाचल्याशिवाय आत काय आहे ते इंजिन उघडूनच कळेल. या सर्वांवरचा शेवटचा शब्द पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेचा असतो. १९६१ ते १९८६ या काळातील पॉन्टिॲक गाड्यांच्या मूळ कारखाना-बिलांची प्रत ही संस्था शुल्क घेऊन पुरवते आणि गाडी कोणत्या इंजिनासह व कोणत्या पर्यायांसह बाहेर पडली, ते त्या प्रतीवरून कळते.

या ज्ञानाच्या आधारे जाहिराती वाचू लागलो तेव्हा त्यांतील शब्दयोजनेचे कौशल्य लक्षात आले. ‘जीटीओच्या धर्तीवर’, ‘ट्रिब्यूट’, ‘फोर हंड्रेडसह’ (म्हणजे ४०० घनइंची इंजिनासह) असे लिहिणारा विक्रेता खोटे बोलत नसतो, पण क्रमांकाचे छायाचित्रही स्वतःहून देत नसतो. डेट्रॉईटच्या परिसरातील एका विक्रेत्याकडे जीटीओची बोधचिन्हे लावलेली एक लालभडक गाडी पाहिली. तिचा क्रमांक २३७ ने सुरू होत होता आणि मागितलेला भाव मात्र अस्सल जीटीओचा होता. शिवाय मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात पडणाऱ्या मिठाने जे करायचे ते केलेच होते: फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मागच्या चाकांच्या कमानींवर चिकटत नव्हते, म्हणजे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी होती. त्या गाडीने माझा निर्णय सोपा केला. वेषांतर केलेल्या ल मान्सला जीटीओचा भाव देण्यापेक्षा, मूळ रूपातील ल मान्स तिच्या स्वतःच्या भावाला घेणे मला अधिक प्रामाणिक वाटले.

अभियंता म्हणून आणखी एक कारण होते. जीटीओच्या ४०० घनइंची इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, १०.७५ ला १ होते आणि ते त्या काळच्या शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी ठरवलेले होते. आजच्या पंपावरील सर्वांत महाग पेट्रोलवरही असे इंजिन भाराखाली ठोके देऊ शकते. याउलट ल मान्सवर मिळणारे, दोन-बॅरल कार्ब्युरेटरचे, २६५ अश्वशक्तीचे ३५० घनइंची इंजिन त्या काळीही साध्या पेट्रोलवर चालत असे. ही अश्वशक्ती जुन्या, ढोबळ पद्धतीने मोजलेली आहे. पंखा, सायलेन्सर वगैरे जोडून मोजण्याची निव्वळ पद्धत १९७२ पासून रूढ झाली, म्हणून आजच्या गाड्यांशी या आकड्याची तुलना करू नये.

मला हवी तशी गाडी ॲरिझोनातील टुसॉनजवळ, एका निवृत्त गृहस्थांकडे मिळाली. मी आधी कारखाना-बिलाची प्रत मागवली आणि मग तिकडे गेलो. कोरड्या हवेत पत्रा टिकतो आणि बाकी सारे करपते, याचा तेथे प्रत्यय आला: डॅशबोर्डला भेगा, रबरी पट्ट्या कडक झालेल्या, आसनांच्या शिवणी उसवलेल्या, पण मागील काचेच्या खालचे कोपरे, डिक्कीच्या तळाच्या दोन्ही बाजू आणि मागच्या चाकांवरचा सांगाडा, जेथे या गाड्या हमखास कुजतात, ती सर्व ठिकाणे शाबूत होती. इंजिनावरील क्रमांकही जुळला. गिअरबॉक्स दोनच गतींचा स्वयंचलित होता आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

भावाची बोलणी लांबली. त्या गृहस्थांनी दूरचित्रवाणीवर लिलाव पाहून किंमत ठरवली होती. पडद्यावर दिसणाऱ्या गाड्या निवडक आणि संपूर्ण पुनर्बांधणी केलेल्या असतात, हे त्यांना मान्य होते; आपली गाडी त्यांच्या पंक्तीत बसत नाही, हे मान्य नव्हते. अखेर हॅगर्टी या ट्रॅव्हर्स सिटीतील, जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीची मूल्यसूची आम्ही दोघांनी मिळून पाहिली. तिच्यात प्रत्येक गाडीची स्थितीनुसार एक (सर्वोत्तम) ते चार अशी प्रतवारी असते. ते दुसऱ्या प्रतीवर अडून होते, मी तिसरीवर. भेगाळलेल्या डॅशबोर्डने वाद मिटवला आणि तिसऱ्या प्रतीच्या भावावर थोडी रक्कम चढवून आम्ही हस्तांदोलन केले.

पुढील सोपस्कार तुलनेने निर्वेध होते. उघड्या ट्रेलरवरून गाडी मिशिगनला आली. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (मिशिगनमध्ये वाहननोंदणी पाहणाऱ्या) कार्यालयात विक्रेत्याची सही असलेले मालकीपत्र दिले, सहा टक्के कर भरला आणि ‘ऐतिहासिक वाहन’ अशी पाटी घेतली. ही पाटी २६ वर्षे वा त्याहून जुन्या, केवळ संग्राह्य म्हणून बाळगलेल्या गाड्यांना मिळते. तिच्यावर गाडी संमेलनांना, प्रदर्शनांना आणि मिरवणुकांना नेता येते, रोज कामावर नेता येत नाही. ऑगस्ट महिन्यात मात्र कायद्यानेच इतर वापराचीही मोकळीक दिलेली आहे. वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा १९९५ पासून भरणारा गाड्यांचा मेळा त्याच महिन्यात असतो, हे या सवलतीबरोबर छान जुळते.

सुट्या भागांच्या बाबतीत एक अनपेक्षित अडचण समोर आली. जीटीओचे भाग नव्याने बनवणारे बरेच आहेत. सांगाडा समान असल्यामुळे रबरी पट्ट्या, ब्रेकचे भाग आणि आसनांची आच्छादने मला सहज मिळाली. ल मान्सची म्हणून जी निराळी क्रोमपट्टी आहे ती मात्र नवी कोणी बनवत नाही, कारण तिच्या आठवणीपायी पैसे मोजणारे पुरेसे लोक नाहीत. स्वस्त गाडी घेतल्याची ही किंमत आहे आणि ती मोडीत काढलेल्या गाड्यांच्या आवारांत हिंडून फेडावी लागते.

विमा ‘ठरलेल्या मूल्या’चा घेतला. गाडी पूर्ण निकामी झाल्यास घसारा न वजा करता आधी लिहून ठेवलेली रक्कम मिळते. त्यासाठी बंद गॅरेज असल्याचा आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी असल्याचा पुरावा, तसेच सर्व बाजूंची छायाचित्रे द्यावी लागली. यंदा नूतनीकरणाच्या वेळी, मूल्य वाढवायचे आहे का, अशी विचारणा झाली. मी मूल्यसूची पुन्हा पाहिली. ल मान्सचा भाव जागेवर होता, म्हणून रक्कम आहे तशीच ठेवली आणि डॅशबोर्ड बदलल्याची पावती तेवढी कागदपत्रांना जोडली.