तीन ओळींचा रविवार

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला, उंडे घेतले, चहा ठेवला आणि मेल उघडली. म्हापशाच्या एका मुलाची. "सर, पायथन ३.१३ टाकलं आणि तुमची लायब्ररी चालेचना."

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि लायब्ररी म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा मी लिहून ठेवलेला कोड. चूक माझीच. फाइलचा प्रकार ओळखायला मी 'सीजीआय' या मॉड्यूलमधलं, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या तयार कोडमधलं, एक चिमुकलं फंक्शन वापरत होतो. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीत अशी १९ जुनी मॉड्यूल्स काढून टाकली, त्यातलंच हे. अचानक नव्हे हो. २०२२ च्या ३.११ पासून 'हे जाणार' असा इशारा येत होता. पण गंमत अशी की हा इशारा लायब्ररीच्या आतून आला तर वापरणाऱ्याला सहसा दिसतच नाही, पायथन तो गुपचूप गिळतो. दिसायला हवा होता मला, चाचण्या चालवताना. मी त्या पिवळ्या ओळी दोन वर्षं वर सरकवत बसलो.

दुरुस्ती तीन ओळींची. 'ईमेल' मॉड्यूलमधून तेच काम होतं. पण फोंड्यातले एक गृहस्थ अजून ३.८ वर आहेत (सर्व्हरला हात लावायचा नाही, असा हुकूम!), म्हणून सगळ्या आवृत्त्यांवर तपासणं आलं. त्यात पाऊस, दोनदा वीज गेली. दुपारची हुमण-भाताची वेळ टळली, आई वैतागली.

पायथनवाल्यांवर राग नाही. ती अडगळ त्यांनी तरी किती वर्षं सांभाळायची?

साडेचारला नवी आवृत्ती चढवली. मुलाचं उत्तर आलं: "चाललं सर. आता दुसरी एक लायब्ररी अडली आहे, ती तुमचीच का?"

नाही रे बाबा.