ऑफर निघाली, पण पोचली नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. त्यांनी रस्त्यापलीकडे पॅकिंगची नवी शेड टाकली आणि लगेच फोन आला. लेबल छापायचे पीसी नेटवर्कवर येईनात, कंटेनर दारात उभा. शेडमधली फायबर आणि राऊटर दुसऱ्या मंडळींनी बसवलं होतं. "आमच्या बाजूने सगळं ओके" असं सांगून ते मोकळे झाले होते.

सुपरवायझर अण्णा गेटवरच भेटले. "काय ओ साहेब, लाईट लागतंय, केबल नवं हाय, मग अडतंय कुठं?"

पहिल्याच पीसीवर 169.254 ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) दिसला. म्हणजे पीसीने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर जुन्या ऑफिसात. पीसी 'मला कुणी पत्ता द्या' असं ओरडतो ते ब्रॉडकास्टने, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम, आणि राऊटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. त्यासाठीच राऊटरला रिले करावं लागतं, म्हणजे ती मागणी सर्व्हरपर्यंत पुढे पोचवावी लागते. सिस्कोवर 'आयपी हेल्पर-अॅड्रेस' ही एक ओळ, आणि ती पीसींच्या बाजूच्या इंटरफेसवर टाकायची. बरेच जण ती सर्व्हरच्या बाजूला टाकतात. इथे मात्र ती बरोबर जागी होती. पत्ताही बरोबर, 10.20.10.5. राऊटरवरून सर्व्हरला पिंग केला ('आहेस का?' असं विचारून बघितलं), खटाखट उत्तरं. त्या मंडळींनी एवढं बघूनच 'ओके' म्हटलं असणार.

हा पिंग फसवा असतो. राऊटर स्वतः पिंग करतो तेव्हा पाठवणारा म्हणून ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडतं त्याचा पत्ता लावतो. इथे तो दोन इमारतींमधल्या जोडलिंकचा, 10.20.255 मधला. डीएचसीपीचा रिले मात्र वेगळं करतो. पीसीची मागणी ज्या इंटरफेसवर आली त्याचा पत्ता, इथे 10.20.40.1, तो मागणीत भरतो. त्यावरून सर्व्हरला दोन गोष्टी कळतात: कुठल्या स्कोपमधून (पत्त्यांच्या साठ्यातून) पत्ता द्यायचा, आणि उत्तर कुणाला पाठवायचं. पत्रावरच्या परतीच्या पत्त्यासारखंच ते.

म्हणून मी पुन्हा पिंग केला, पण सोर्स म्हणून 10.20.40.1 देऊन. एकही उत्तर नाही. शेडमधलं काम तिथेच संपलं, रस्ता ओलांडून ऑफिस गाठलं.

सर्व्हरवर वायरशार्क, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावलं. डिस्कव्हर, म्हणजे पीसीची मागणी, येत होता, 'रिले एजंट आयपी'च्या रकान्यात 10.20.40.1 व्यवस्थित. सर्व्हर लगोलग ऑफरही, म्हणजे त्या मागणीचं उत्तर, काढत होता, 10.20.40 मधलाच पत्ता देऊन. स्कोप बिनचूक होता. पण ऑफरच्या फ्रेमवर पाठवायचं ठिकाण म्हणून ज्याचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) होता तो सगळी नेटवर्कं जोडणारा कोअर स्विच नव्हताच, इंटरनेटचा फायरवॉल होता! 'राउट प्रिंट' देऊन सर्व्हरचे रूट, म्हणजे कुठलं पॅकेट कुठून पाठवायचं त्याची यादी, बघितले आणि उलगडा झाला. सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे वेगळा रूट नसेल तेव्हाची वाट, फायरवॉल. ऑफिसबाहेरच्या नेटवर्कसाठी पूर्वी कुणीतरी हाताने एकेक रूट टाकलेला: लूम, डाईंग, आणि जोडलिंकचासुद्धा. म्हणूनच पहिला पिंग परत येत होता. पॅकिंगच्या 40 नंबरचा तेवढा नाही. मागणी येत होती कोअरवरून आणि उत्तर जात होतं फायरवॉलकडे, तिथे ते गडप.

रूट टाकला, '-p' लावून, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुन्हा पहिले पाढे. खरं तर डिफॉल्ट गेटवेच कोअर स्विचकडे करायला हवा, म्हणजे हे हाताने रूट टाकणं संपेल. पण ते बदलायला कंटेनर उभा असतानाची वेळ बरी नव्हे.

शेडमध्ये परतलो तर बहुतेक पीसींना 10.20.40 चे पत्ते आलेले, पण दोघांना 192.168.0 मधले. हा नंबर कारखान्यात कुठेच नाही. 'आयपीकॉन्फिग ऑल'मध्ये डीएचसीपी सर्व्हर म्हणून 192.168.0.1 दिसला. त्याचा मॅक पीसीवर 'एआरपी' कमांड देऊन काढला, स्विचच्या टेबलात शोधला आणि पोर्टाची केबल धरून चालत गेलो. खोक्यांच्या थप्पीमागे घरगुती वायफाय राऊटर निघाला.

अण्णा हसले. "भाच्यानं लावलं ओ. नेट तरी चालू दे म्हटलं."

त्यांचा राग येण्यासारखं काही नव्हतं. पण हा डबा दोन हातांवर बसून उत्तर देणार, खरा सर्व्हर रस्त्यापलीकडून. दोन ऑफर आल्या की पीसी सहसा पहिली घेतो. डबा काढला, दोन्ही पीसींना नवे पत्ते मागायला लावले.

मग शेडच्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं आणि राऊटरकडचं एकच पोर्ट विश्वासाचं ठेवलं, म्हणजे दुसऱ्या पोर्टावरून आलेली ऑफर स्विच अडवतो. ते चालू केलं की हा स्विच मागणीत आपणहून ऑप्शन 82 (मागणी कुठल्या पोर्टावरून आली त्याची नोंद) घालतो, आणि रिलेचा पत्ता अजून रिकामा असलेली अशी मागणी सिस्कोचा राऊटर टाकून देतो. म्हणजे आत्ताच मिळालेले पत्ते पुन्हा थांबले असते. ऑप्शन घालणं बंद केलं, एका पीसीवर रिलीज-रिन्यू करून, म्हणजे पत्ता सोडून पुन्हा मागून, पाहिलं. पत्ता आला, शेजारच्या प्रिंटरमधून लेबलांची पट्टी सुरू झाली आणि अण्णांनी लोडिंगवाल्यांना हाक मारली.