उघाडीतली खिडकी

रात्रीचे पावणेदोन. कमरेइतक्या पाण्यात उघाडीच्या झाकणाला बांधलेला दोर ओढून धरून मी उभी होते आणि मनातल्या मनात आम्हीच काढलेल्या आराखड्याला शिव्या घालत होते.

आधी उघाडीबद्दल. खाडीचा एक फाटा बांधाने अडवलेला. बांधाखालून पाइप आणि त्याच्या समुद्राकडच्या तोंडाला वर बिजागरीवर टांगलेली लोखंडी झडप. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरच्या दाबाने झडप घट्ट बसते. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून केलेली सोय, आणि त्या कामाला ती चोख आहे. अडचण माशांची होते. बोय, जिताडा यांची पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबरच आत येतात. म्हणजे ती येतात तेव्हा दार बंद. दार उघडतं तेव्हा आतून असा लोंढा सुटतो की नखाएवढं पिल्लू त्यापुढे टिकत नाही.

एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले, कारण आम्ही निघालो होतो खाडीत कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, उभं करायला आणि आमचं सगळं लक्ष झाडांवर. (झाडं लावताना फोटो चांगले येतात, हेही खरं.) पहिल्या वर्षी बांधाबाहेरच्या मोकळ्या चिखलावर कांदळाच्या शेंगा रांगेने खोचल्या. कांदळवन साधारण मध्यम समुद्रपातळीच्या वर, उधाणाच्या रेघेपर्यंत तगतं. आमची जागा त्याच्या कितीतरी खाली होती. शेंगा गेल्या. दुसऱ्या वर्षी बांधाच्या आत तिवरं, म्हणजे खारफुटीतलीच दुसरी झाडं, लावली. तिथे पाणी चढत-उतरत नव्हतं, नुसतं साचत होतं. रोपं जागच्या जागी गुदमरली.

म्हणून ही खिडकी. झडपेत चौकोनी भोक आणि त्यावर पिंपाच्या तरंगीने चालणारं झाकण. भरती सुरू होताना खिडकी उघडी. पाणी ठरलेल्या खुणेला लागलं की पिंप उचलला जातो आणि झाकण पडतं. पिल्लं आत, शेत कोरडं.

पौर्णिमेनंतरची दुसरी रात्र मुद्दाम निवडली होती, उधाण जोरात असतं म्हणून. आणि भरती जेमतेम गुडघ्याला लागली तोच झाकण धाडकन बंद!

"ताई, पिंप खाली बांधलाय तुम्ही," उघाडी राखणारे काका बांधावरूनच म्हणाले. दुपारी बांधतानाही ते हेच म्हणाले होते. माझ्या हातात मोजमापांचा कागद होता, त्यामुळे मी ऐकलं नव्हतं.

मग मी दोर ओढून झाकण उघडं धरलं आणि काकांनी तोंडात बॅटरी धरून पिंप वीतभर वर बांधला. अर्धा तास गेला असेल. पाण्याबरोबर काहीतरी बारीक बारीक पिंडऱ्यांना लागून आत जात होतं. मला वाटलं कचरा.

आतल्या तोंडाला लावलेली बारीक जाळी काकांनी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली. प्लॅस्टिकच्या चिंध्या, कोळंबीची पिल्लं, काचेसारखी बोयटं. आणि काडीकचऱ्यात एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं, दोन सेंटिमीटरचं काहीतरी. काकांनी करंगळीने हलवलं तसं ते सरळ झालं. डोक्यावरून पाठीकडे गेलेली पांढरी रेघ.

"जिताडा," काका म्हणाले आणि ट्रे माझ्यासमोरून ओढून स्वतःकडे घेतला. हा मासा आधी नर असतो, काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर मादी होतो. बाळपण मात्र असल्या आडोशाच्या निमखाऱ्या पाण्यात काढतो. मी मोजायला घेतलं तर सहा निघाले. फोटो काढून सगळे आत सोडले.

ट्रेच्या तळाशी अजून काहीतरी राहिलं होतं. बदामाएवढ्या बिया, त्यातल्या काहींची साल गळून दोन जाड हिरवी दलं उघडलेली. तिवर! आम्ही रोपवाटिकेत पिशव्या भरभरून जे वाढवत बसलो होतो, ते भरती फुकटात आत आणून टाकत होती.

"मग त्या पिशव्यांचं काय करायचं?" काकांनी विचारलं.

उजाडल्यावर आम्ही बांधाच्या कडेने चालत गेलो. जिथे लाटांनी माती खाल्ली होती आणि बी टिकणं शक्य नव्हतं, तिथे काका काठ्या खोचत गेले. मागून मी मोजत होते. या वेळी कागद खिशात होता.