आमची वाटचाल : देवघरांपासून ह्युमिडॉरपर्यंत

वडिलांचा धंदा देवघरांचा आणि शोकेसचा. ह्युमिडॉरकडे, म्हणजे सिगारला लागते तेवढी ओल धरून ठेवणाऱ्या पेट्यांकडे, आम्ही वळलो ते कॅप्टनसाहेबांमुळे. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला हा माणूस हवानाच्या सिगारचा दर्दी. पण पुण्याची हवा! मे महिन्यात सिगारचं वरचं पान तडकायचं आणि जुलैत तिलाच बुरशी धरायची. तिला बारा महिने ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. उष्मा २५ अंशांच्या वर टिकला की पानातली किड्यांची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. साहेबांनी आपली विलायती पेटी वडिलांपुढे ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, अशी करून द्या."

अस्तर स्पॅनिश सीडरचंच लागतं. हे झाड महोगनीच्या कुळातलं, आपल्या तूनचं जवळचं नातलग. अस्तराला आतून पॉलिशचा हातही लावायचा नाही. वडिलांचा लोखंडी रंधा आम्ही अजून वापरतो. ऑइलस्टोनवर पातं लावलं की छिलका कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो. आतल्या अस्तराची कड बाहेरच्या चौकटीपेक्षा किंचित वर ठेवतो, म्हणजे झाकण सोडल्यावर आपटत नाही, आतली हवा दाबत सावकाश बसतं. आमची ओळख ती हीच.

आणि याच पेटीवर एकाने डल्ला मारला. आमच्याच कारखान्यात शिकलेला माणूस नमुना घेऊन बाहेर पडला आणि निम्म्या भावात पेट्या विकू लागला. चौकट एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, आत देवदार. देवदाराच्या तेलाचा वास इतका उग्र, की महिन्याभरात सिगार औषधासारखी लागते. पण गिऱ्हाईक आधी भाव बघतं. एका क्लबने आमची मोठी ऑर्डर रद्द करून त्याला दिली. परदेशी लाकडाचे पैसे आम्ही भरून बसलो होतो. घरातलं सोनं गहाण पडलं, दोन कारागिरांना घरी बसवावं लागलं. वर लोक म्हणायला लागले, हातच्या पेट्यांत काही दम नाही. हे ऐकून वडिलांनी जेवण सोडलं होतं.

कॅप्टनसाहेबांनी वाद घातला नाही. एकाच खोक्यातल्या रोबस्टो, म्हणजे आखूड जाड सिगार, अर्ध्या आमच्या पेटीत, अर्ध्या त्याच्या पेटीत महिनाभर ठेवल्या आणि क्लबातल्या मंडळींना दोन्हीकडच्या ओढायला दिल्या. त्यांच्यातल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. तिथून काम परत सुरू झालं. पुढची वर्षं बरी गेली.

नव्या शौकिनांना सांगतो, पेटी घेतली की लगेच भरू नका. आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून आठ-दहा दिवस लाकडाला पाणी पिऊ द्या. नळाचं पाणी नको, क्षार साचतात. हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर, डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, जेमतेम ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ दाखवायला हवा. फ्रिजमध्ये सिगार ठेवू नका, सुकते. पेट्रोलच्या लायटरने पेटवू नका, वास बसतो. दर मिनिटाला एक झुरका पुरे, आणि धूर छातीत घ्यायचा नसतो.

त्या गृहस्थाच्या माहितीपत्रकावर आजही आमच्या पेटीचा फोटो आहे. कुलपाखालची पितळी पट्टी आम्ही तिरकी कापतो, ती त्यात स्पष्ट दिसते. त्याच्या पेट्या आता आमच्याकडेच दुरुस्तीला येतात. देवदार काढतो, सीडर घालतो आणि पैसे पूर्ण घेतो.